आत्याचं भागतं

आत्याला काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं: "भागतं." नवी छत्री आणू? जुनीत भागतं. शेडमध्ये पंखा लावू? खिडकीत भागतं. कोळंबी न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याने एकदा आगाऊपणाने विचारलं होतं, बाई, तुम्ही लग्न का नाही केलं? आत्या तेव्हा जाळं झटकत होती. "त्याच्यावाचून भागलं," ती म्हणाली, "तुम्ही तुमचा काटा तेवढा शून्यावर आणा." व्यापाऱ्याने मुकाट्याने काटा शून्यावर आणला आणि पुन्हा कधी असली चौकशी केली नाही.

बांधावरच्या सगळ्या तळ्यांत आत्याचं तळं मोठं. खाडीच्या बाजूने त्याला एक दार होतं. दार म्हणजे काय, तर दोन खांबांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. मोठी भरती आली की आत्या वरच्या फळ्या काढायची, तोंडाशी जाळी लावायची आणि पाणी आत यायला लागलं की पाहुणे आल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. त्या पाण्याबरोबर कोळंबीचं खाणं यायचं, खाडीतली थोडी कोळंबीही यायची. वरून आत्या थोडं बीज सोडायची, म्हणजे केसाएवढाली पिल्लं. तीही इतकी विरळ, की बाबा म्हणायचे, "ताई, तुझ्या तळ्यात एका कोळंबीला दुसरीकडे जायचं तर पत्ता विचारत जावं लागेल." ओहोटीला फळ्या काढून जुनं पाणी सोडून द्यायचं, की झालं. पंप नाही, मोटर नाही. वीज म्हणाल तर शेडमधला एक बल्ब आणि एक रेडिओ.

बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांची तीन तळी आत्याच्या बांधाला लागूनच, खालच्या अंगाला होती. काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलेली, सरळ काठांची. आत कोळंबी एवढी दाट की पाण्यातला श्वास तिला पुरायचा नाही. म्हणून पाण्यावर चाकं फिरत असायची, पाणी उडवत, हवा कालवत, दिवसरात्र. चाकांसाठी मोटरी, मोटरींसाठी वीज, वीज गेली तर जनरेटर, जनरेटरसाठी डिझेल, आणि या सगळ्यांसाठी बाबा. त्यांच्या खोलीत एक भिंत नुसती बटणांची होती. प्रत्येक बटणाखाली कुठलं चाक ते रंगाने लिहिलेलं, आणि खाट अशी लावलेली की पडल्या पडल्या सगळे लाल दिवे दिसावेत. बाबांना गाढ झोपलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं. पण पीक असं काढायचे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. हे सगळ्यांना सांगत सुटायची ती आत्याच. व्यापारी आला की आधी त्याला बाबांच्या काठावर नेऊन उभा करायची. "बघा, माझ्या भावाची चाकं! अशी शिस्त शाळेत तरी बघितली होती का?" भावंडं एकमेकांना पाण्यात पाहतात असं बांधावरच्या काही लोकांना वाटायचं. त्यांनी आत्याचं हे भाषण ऐकलेलं नसावं.

या दोघांच्या मध्ये होती बाबांची मुलगी. लहानपणी एकदा पायाजवळ खेकडा आला म्हणून ती बांधावर भोकाड पसरून उभी राहिली होती. आत्याने तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिथल्या तिथे तिचं नाव भागूबाई करून टाकलं, भित्री भागूबाई. पुढे भागूबाई मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात गेली आणि दिसेल त्या आकड्याला दिसेल त्या आकड्याने भाग देत सुटली, तेव्हा तर नाव तिला जास्तच शोभायला लागलं. शेवटच्या वर्षाला तिने प्रकल्प घेतला तो घरचाच: कोळंबी वाढवायच्या दोन पद्धती, दोन्हींचा नफा आणि दोन्हींना लागणारी ऊर्जा, यांची तुलना.

तिच्या लेखी तो गुण मिळवण्यापुरता मामला होता. बाबांनी त्यात घर आणलं.

मोठं तळं आजोबांनी दोन्ही मुलांच्या नावावर ठेवलं होतं. त्यालाही अस्तर घालावं, त्याची चार तळी पाडावीत, चाकं बसवावीत, हे बाबांच्या मनात कधीपासून घोळत होतं. ताईचं मन कसं मोडायचं म्हणून ते बोलत नव्हते, एवढंच. आता त्यांना वाट सापडली. "पोरगी हिशेब करतेच आहे," ते जेवताना म्हणाले, "तर तीच सांगू दे. या पिकात ज्याची पद्धत सरस ठरेल, पुढच्या पिकाला मोठं तळं त्याच पद्धतीने चालवू. ताई, तुला काही कमी पडू देणार नाही. बटणांच्या खोलीत तुला चांगली पाठीची खुर्ची देतो. बसून बघायचं फक्त."

भागूबाईने हातातला घास परत ताटात ठेवला. बाबा हे मनापासून बोलत होते, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं. आत्या आणि खुर्ची! भरतीच्या वेळा जिच्या अंगात भिनलेल्या, जिच्या तळहातांना फळ्यांचे घट्टे, तिने लाल दिव्यांकडे बघत बसायचं? तळं गेलं तर आत्याचं सगळंच गेलं असतं.

आत्या शांतपणे पाणी प्यायली. "चालेल," ती म्हणाली. "भागूबाई खोटं लिहायची नाही."

चार दिवसांत काळ्या प्लास्टिकचे रोल बांधावर येऊन पडले, आत्याच्या खिडकीच्या बरोबर समोर. स्वस्तात मिळत होते म्हणून आधीच उचलले, असं बाबा खाली बघत म्हणाले. आत्याने त्या रोलांवर आपली जाळी वाळत घातली.

प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात अडला. भागूबाई शेडमधल्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आत्या समोर जाळ्याची भोकं शिवत होती.

"आत्या, तुझा नफा कशाने भागू?"

"भागतं गं माझं."

"तसलं भागणं नाही! बाबा म्हणतात, एकराने भाग. मागच्या पिकाचे आकडे एकराने भागले की तू सपशेल आपटतेस. कॉलेजात सांगितलंय, एक किलो कोळंबीला वीज किती लागली ते काढ. तसं काढलं की बाबा आपटतात. आणि घातलेल्या पैशाने भागलं तर तू थोडी पुढे जातेस."

"म्हणजे तळं तेच, कोळंबी तीच, आणि तू खालचा आकडा बदललास की मी एकदा खुळी आणि एकदा शहाणी?"

"हो. तसंच."

"मग सगळ्यांनी भागून बघ. कुणाला नाराज करू नकोस." आत्याने दाताने दोरा तोडला. "आणि माझ्या विजेत रेडिओ धरलास का?"

"रेडिओ कशाला? तो कोळंबीसाठी थोडाच आहे?"

"शेडचा बल्ब धरलास ना? मग रेडिओही धर. तुझ्या बाबाचा शेंगदाण्याएवढा दिवा तू सोडत नाहीस, आणि माझा रेडिओ सोडतेस? जे लागलं ते लिहायचं. हिशेबात आत्या नसते."

भागूबाईने रेडिओ लिहिला. त्या एका रेडिओने आकड्यांत काडीचाही फरक पडला नाही, पण आत्याबद्दल तिला वाटणारा आदर मात्र त्या दिवशी दुप्पट झाला. आपलं तळं पणाला लागलेलं असताना रेडिओ लिहायला लावणारी बाई तिने दुसरी पाहिली नव्हती.

पीक चांगलं चाललं होतं, दोघांचंही. बाबांची कोळंबी काढणीला आली आणि नेमकं आभाळ भरलं. दोन-तीन दिवस ऊन नाही, वारा पडलेला. हिरवट पाण्याला ऊन मिळालं तर ते स्वतः थोडाफार श्वास तयार करतं. ऊन नाही म्हटल्यावर सगळा भार चाकांवर आला. आणि अशातच एका दुपारी वीज गेली. जनरेटर लागला, थोडा वेळ नीट चालला, मग खोकला आणि गप्प बसला. मेकॅनिक फोनवर म्हणाला, निघालोच. हा मेकॅनिक निघतो म्हणजे काय करतो, ते बांधावर सगळ्यांना ठाऊक होतं.

चाकं एकेक करून थांबली. तो आवाज थांबल्यावर भागूबाईला कळलं, आपण जन्मभर त्या आवाजात राहत आलो. पाणी सपाट झालं. हळूहळू कोळंबी वर यायला लागली, काठाशी दाटी करून, मिशा पाण्याबाहेर काढून. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते बादलीने पाणी उचलत होते आणि उंचावरून परत तळ्यात ओतत होते, जेवढी हवा मिसळेल तेवढी मिसळावी म्हणून. भागूबाईही बादली घेऊन धावली. तीन तळी आणि दोन बादल्या! बाबा वेड्यासारखे या तळ्याकडून त्या तळ्याकडे पळत होते. त्यांचा तो चेहरा भागूबाईला बघवेना.

तेवढ्यात मधल्या बांधावर आत्या उभी राहिली. हातात फावडं.

"अरे, बादल्या टाका त्या. खालच्या मोऱ्या उघड आणि तुझं पाणी खाडीत सोड. मी बांध फोडते."

बाबा जागच्या जागी थांबले. "तुझं पाणी? माझ्या तळ्यात?"

त्यांचं थांबणं साहजिक होतं. इतक्या वर्षांत आत्याच्या तळ्याचा एक थेंब त्यांनी आपल्या तळ्यात येऊ दिला नव्हता. खाडीच्या पाण्याबरोबर रोग येतो म्हणून. मधल्या बांधावर जाळीचं कुंपण होतं, आणि त्याच्या फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं. आत्या भावाच्या तळ्यावर येताना दर वेळी त्यात पाय बुडवून यायची, मुकाट्याने, सख्ख्या भावाच्या दारात परकी असल्यासारखी.

"रोग यायचा तर उद्या येईल," आत्या म्हणाली. "ही आत्ता मरतायत."

"आणि तुझं तळं? मोठ्या भरतीला अजून अवकाश आहे. पुन्हा भरणार कशाने?"

"माझं भागेल. मोऱ्या उघड!"

असा दम आत्याने त्यांना लहानपणानंतर पहिल्यांदाच दिला असावा. बाबा पळत सुटले. आत्याने कुंपणाची जाळी उपटून बाजूला फेकली आणि बांधावर पहिलं फावडं मारलं. भागूबाईने कुदळ उचलली. ओली माती जड होती, पाय घसरत होते. बांधाच्या भोकातून एक चांगला दणकट खेकडा बाहेर आला आणि तिच्या पावलावरून चालत गेला. "सरक रे," ती त्याला म्हणाली आणि कुदळ मारत राहिली. आपण काय म्हणालो हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

पहिला चर पडला, मग दुसरा, मग तिसरा. बाबांच्या तळ्यातलं पाणी मोऱ्यांतून उतरत गेलं तशी वरून आत्याच्या तळ्याची धार मोठी होत गेली. उंचावरून पडणारं पाणी हवा घेऊन पडतं. शिवाय त्या पाण्यात कोळंबी विरळ, त्यामुळे श्वास शिल्लक. धारेखाली फेस उठला आणि कोळंबी त्या फेसाकडे सरकायला लागली, एकदम सगळी. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते. काठाची गर्दी कमी झाली, मिशा पाण्याखाली गेल्या. दिवस मावळायच्या आत वीज आली, चाकं फिरली, आणि तिघांनी मिळून चर मातीने आणि पोत्यांनी बुजवले.

आपल्या हक्काच्या गोष्टीवर पाणी सोडलं, असं आपण म्हणतो. आत्याने ते खरोखरच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होऊन कडकडीत ऊन पडलं. तिच्या तळ्यात घोट्याच्या वर जेमतेम पाणी उरलेलं. ते तापलं. पक्ष्यांना तर पंगतच मांडून दिल्यासारखी झाली. आत्या दिवसभर टोपली घेऊन चिखलातून फिरत होती, जगलेली कोळंबी उचलून दाराजवळच्या खोल जागेत नेऊन सोडत होती. छोटी भरती आली तेव्हा शेवटच्या फळीवरून थोडंसं पाणी आत आलं. भागूबाईने विचारलं, किती गेली? "उरली तेवढ्यात भागेल," आत्या म्हणाली. पण या वेळी ती बोलताना तळ्याकडे बघत नव्हती.

बाबांच्या तळ्यांत रोग आला नाही. त्यांचं पीक उतरलं ते आजवरचं सगळ्यांत मोठं.

मग भागूबाई हिशेबाला बसली. तिने एकराने भागलं, घातलेल्या पैशाने भागलं, माणसांच्या मेहनतीने भागलं. सगळीकडे बाबा पुढे. किलोमागची वीज काढली तर तेवढ्या एकाच बाबतीत आत्या जिंकत होती, आणि विजेच्या त्या विजयावर कुणी कुणाला तळं देत नाही. तिने पुन्हा सगळ्या ओळी वाचल्या: बीज, खाद्य, वीज, डिझेल, मजुरी, बल्ब, रेडिओ. आणि तिला दिसलं, त्या दुपारी बांधावरून पडलेलं पाणी कुठल्याच ओळीत नाही. त्याचं बिलच आलेलं नव्हतं.

ती शेडमध्ये गेली. "आत्या, त्या पाण्याची ओळ घालतेय मी."

"कशाला? घरचं पाणी घरात गेलं. भावाला दिलेलं कुणी लिहितं का?"

"रेडिओ लिहायला लावलास ना मला? जे लागलं ते लिहायचं. हिशेबात आत्या नसते."

आत्या हातातल्या जाळ्यात भोक शोधायला लागली. आत्याचं वाक्य आत्यावरच उलटवणं भागूबाईला तोवर कधी जमलं नव्हतं. बरीच वर्षं त्या क्षणाची वाट बघितल्यासारखी ती मनातून खूश झाली, आणि हिशेब घेऊन बाबांकडे निघाली.

बटणांच्या खोलीत बाबा खाटेवर बसून वाचत होते. भागूबाई दाराशी उभी. बाबा समाधानाने एकेक ओळ उतरत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"मोठ्या तळ्याचं पाणी," त्यांनी मोठ्याने वाचलं. "याच्यापुढे आकडा कुठे आहे?"

"काढता आला नाही."

"का? अंदाजे धर. तेवढं पाणी पंपाने उचलायला जितकं डिझेल लागलं असतं तितकं."

"पंप कुठे चालणार होता, बाबा? वीज नव्हती, जनरेटर बंद होता." पुढे येऊन तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ती ओळ काढली तर तुमच्या पिकाच्या जागी शून्य येतं. मग एकराने भागा नाहीतर कशानेही भागा. मोठ्या तळ्याला अस्तर घातलं, तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर तिथेही चाकंच थांबलेली असतील. तेव्हा बांध कुणाचा फोडायचा? मी खोटं लिहिणार नाही. आत्याने सांगितलंय."

बाबा उठले आणि बाहेर गेले. झालं, भागूबाईला वाटलं, चिडले. ती घाबरत घाबरत मागोमाग गेली. बाबा मधल्या बांधावर बुजवलेल्या चरांपाशी उभे होते. त्यांनी चपलेने तिथली माती दाबून बघितली. मग कुंपणाच्या फाटकाशी गेले आणि घमेल्यातल्या औषधाच्या पाण्याकडे बघत राहिले. मग ते आत्याच्या खिडकीशी गेले.

"ताई."

आत्याने रेडिओ बारीक केला.

"ते रोल उद्या उचलतो. माझ्या मधल्या तळ्याचं अस्तर फाटत आलंय, तिथे लागतील. मोठ्या तळ्याला हात लावायचा नाही. मीही नाही, माझ्यानंतर कुणी नाही."

आत्याने मान वळवली आणि उगाच बाकावरची जाळी उचलून दुसरीकडे ठेवली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिला लपवता येत नव्हते.

"आणि मधल्या बांधाला दारं करू," ते म्हणाले. "तिन्ही तळ्यांना एकेक. एरवी बंदच राहतील. पण पुन्हा तशी वेळ आली तर फावडं शोधत बसायला नको. फळ्या तुझ्या दारासारख्याच घालू. दोन-दोन फळ्यांत भागेल ना?"

भागूबाई उत्तर ऐकायलाही थांबली नव्हती. ते तिला पाठ होतं. ती रोलांवरची जाळी गोळा करायला वळली.

"नाही भागायचं," आत्या म्हणाली.

भागूबाई जागीच उभी राहिली. बाबाही बघत राहिले.

"दाराला चार-चार लागतील," आत्या म्हणाली, "आणि जाड. पातळ फळी पाणी धरत नाही. आणि फाटकाशी आणखी एक घमेलं ठेव, माझ्या बाजूला. माझ्या तळ्यावर येताना तूही पाय बुडवून यायचं."

"बुडवीन," बाबा म्हणाले, आणि बांधाचं माप घ्यायला टेप आणायला ते बटणांच्या खोलीकडे निघाले.